दगडावर डोमाजी, जंगलात तुळसा

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आमच्या नागपूरच्या घरी गोंदियाच्या बाजूनं फोन यायला लागतात. फराळाला या असं तिकडं कोणी म्हणत नाही. तिकडं म्हणतात, मंडईले या. झाडीपट्टीत दिवाळी आटोपली की गावोगाव मंडई भरते, आणि प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, दंडार, म्हणजे ढोलकीवरचं लोकनाट्य, नाचते, दुकानं लागतात, आणि ज्यांच्याशी वर्षभर बोलणं नसतं त्यांच्याकडेही चहा प्यावा लागतो. माझ्या सासूबाईंचं माहेर गोरेगावपासून बारा-पंधरा किलोमीटर आत आहे. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की खाली कमेंटमध्ये भावकीतले लोक भांडायला येतील, आणि मला त्यांच्या घरी परत जेवायला जायचंय.

दरवर्षी सासूबाई फोनवर 'बघू' म्हणतात आणि जात नाहीत. यंदा त्यांच्या भाच्यानं, दिलीपभाऊंनी, फोनवर आणखी एक गोष्ट सांगितली. शाळेसमोर गावच्या स्वातंत्र्यसैनिकांचा जुना दगड आहे, तो काढून तिथं ग्रॅनाइटचा बसवणार. मंडईच्या दिवशी त्यावरच्या पाची नावांच्या घरच्या माणसांचा सत्कार, आणि मंडई झाली की नावांची यादी कोरायला गोंदियाला जाणार. 'आत्या, तू स्टेजवर बसजो,' असं ते आनंदानं सांगत होते. सासूबाईंनी फोन ठेवला आणि भाजी निवडायला बसल्या. मेथीची अर्धी जुडी झाल्यावर मला म्हणाल्या, "त्या दगडावर माझ्या बापाचं नाव आहे. माझा बाप एक दिवसही जेलात गेला नाही. माझी आई गेली होती."

एकवीस वर्षं मी या घरात आहे आणि ही गोष्ट मला पहिल्यांदा कळत होती. मी विचारलं, इतकी वर्षं का नाही बोललात? म्हणाल्या, आईच बोलू द्यायची नाही, आणि मग ती गेली. पण साधा दगड पावसानं झिजला असता, ग्रॅनाइट झिजायचा नाही. एकदा कोरलं की झालं. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. मी म्हटलं, चला, मी नेते.

नवऱ्याला सुट्टी नव्हती. असती तरी मी त्याला नेलं नसतं, कारण गाडी तो चालवतो आणि रस्ता दर दहा मिनिटांनी मला विचारतो. माझे सासरे, ज्यांना सगळे नाना म्हणतात, त्यांचे गुडघे तीन तास गाडीत बसू देत नाहीत. त्यांनी खिचडी स्वतः करून खायचं कबूल केलं आणि आम्हाला हाकललं.

सकाळी सहाला निघालो. नागपूर-भंडारा रस्ता चांगला आहे, टोल भरताना रडू येतं तेवढंच. भंडाऱ्याला वैनगंगा ओलांडली की डोळ्यांना फरक कळतो. कापूस-तुरी मागे पडतात आणि धान सुरू होतो. या दिवसांत हलका धान कापून शेतात पसरलेला असतो, त्याला इकडे कडपा म्हणतात, आणि भारी धान अजून पिवळा उभा असतो. साकोलीला आम्ही पोहे खाल्ले. माझ्यासारख्या तर्रीवर वाढलेल्या नागपूरकरणीला ते सपक वाटले, पण चहा झकास होता. ज्यांना साकोलीला पोट भरून खायचंय त्यांनी आलूबोंडा घ्यावा, पोह्यांच्या भानगडीत पडू नये.

गोष्ट मला साकोली ते कोहमारा या पट्ट्यात कळली. सासूबाई समोर रस्त्याकडे बघत सांगत होत्या आणि मध्येच म्हणत होत्या, ट्रक आला, बाजू घे. गोष्ट अशी. इंग्रजांच्या राज्यात जंगल सरकारी झालं आणि गावच्या लोकांना त्यातलं गवतही कापायची बंदी आली. मग लोकांनी ठरवून, सांगून-सवरून, इळे, म्हणजे विळे, घेऊन जंगलात जायचं, गवत कापायचं आणि पकडून घ्यायचं असं सुरू केलं. तो जंगल सत्याग्रह. आपल्या पुस्तकात एका ओळीत येतो. सासूबाईंच्या गावातून पाच माणसं गेली, त्यांतली एक बाई होती. तुळसा. वय वीसच्या आसपास, घरी सहा महिन्यांचं पोर. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आटोपली तेव्हा गेली, ती धान कापून मळणी झाल्यावर परत आली. तितके दिवस तिच्या नवऱ्यानं, डोमाजीनं, ते पोर सांभाळलं. शेजारच्या बकरीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजायचा. बायका विहिरीवर हसायच्या, पुरुष पारावर हसायचे. सासूबाईंचा जन्म खूप नंतरचा, पण हसणारे हसायचे थांबले नव्हते, हे त्यांनी स्वतः ऐकलंय.

मग दगडावर डोमाजी कसा आला, हे विचारेपर्यंत कोहमारा आलं. इथं हायवेवरून डावीकडे वळलं की गोरेगाव-गोंदिया आणि उजवीकडे नवेगाव बांध. पहिल्या मुक्कामाला आम्ही उजवीकडे वळलो. मंडई दोन दिवसांनी होती आणि सासूबाईंना तलाव बघायचा होता. लग्नाच्या आधी एकदा बैलगाडीनं आल्या होत्या म्हणे.

नवेगावचा तलाव बघायला नोव्हेंबर-डिसेंबरातच जा. पाणी भरलेलं असतं, पाहुणे पक्षी आलेले असतात, आणि चारही बाजूंच्या डोंगरांवर हिरवळ टिकलेली असते. ज्यांना 'निसर्गाच्या कुशीत' वगैरे लिहायचंय त्यांनी खुशाल लिहावं, मी एवढंच सांगते की माणूस तिथं गप्प बसतो. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, एक ढीवर जाळं निवडत बसला होता. मी त्याला विचारलं, हा तलाव बांधला कोणी? तो म्हणाला, कोणा पाटलानं बांधला म्हणतात. मग जाळ्यातला गाळ झटकत म्हणाला, "पाटील का माती वाहे का, बाई? माती वाहणारे दुसरेच राह्यले असन." सासूबाई त्यावर खुदकन हसल्या. दिवसभरात पहिल्यांदा.

राहायला आम्ही गावात साधंसं लॉज घेतलं, दोघींना आठशे रुपये, गरम पाणी बादलीनं. जेवणात भात, तळ्यातल्या मासळीचा रस्सा आणि लाखोरीची डाळ. डाळ परत मागून घ्या. लॉजच्या रजिस्टरमध्ये मॅनेजरनं आधी माझं नाव लिहिलं, मग सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सुभद्रा. तो म्हणाला, पुढे? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी नेहमीप्रमाणे सांगून टाकलं, वसंतराव. हे आमचं ठरलेलं आहे. सासूबाई नवऱ्याचं नाव घेत नाहीत. बँकेत, दवाखान्यात, मतदानाला, सगळीकडे आधी माझा नवरा सांगायचा, आता मी सांगते. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं असेल तेवढंच. घरी नाना म्हणजे 'हे', 'अहो', किंवा मला सांगताना 'तुझे सासरे'. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं, फक्त बँकेत रांग लांबली की चिडचिड व्हायची.

जेवण झाल्यावर त्यांनी उरलेली गोष्ट सांगितली, आणि मला लॉजचं ते रजिस्टर डोळ्यांपुढे आलं. पाची जणांना ठाण्यात नेलं. शिपायानं चौघांची नावं विचारून लिहिली. तुळसाला त्यानं नाव विचारलंच नाही. विचारलं, कोणाची बायको? आता नवऱ्याचं नाव ती कशी घेणार? ती गप्प. त्यानं दोनदा विचारलं, तीनदा विचारलं, दरडावून विचारलं. इंग्रजाच्या जंगलात इळा घेऊन शिरायला जी भ्याली नाही, तिच्या तोंडून नवऱ्याचं नाव काही निघेना. शेवटी सोबत आलेल्या गावच्या एका बाईनं मागून सांगितलं, डोमाजीची बायको. शिपायानं तेच लिहिलं, 'डोमाजीची बायको'. तिचं स्वतःचं नाव काय, हे तिलाही सांगावंसं वाटलं नाही आणि त्यालाही विचारावंसं वाटलं नाही.

पुढे स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा गावात दगड बसवायचं ठरलं. जुन्या कागदावरून नावं उतरवली. चार पुरुषांची नावं उतरली आणि पाचव्या जागी 'डोमाजीची बायको'. आता 'अमक्याची बायको' असं दगडावर कोण कोरतं? बायको गळाली, डोमाजी राहिला. डोमाजी स्वतः जाऊन सांगून आला की मी नाही, ती गेली होती. लोक म्हणाले, एकच तर आहे, घरचं नाव झालं ना. आणि दर पंधरा ऑगस्टला त्याच्या गळ्यात हार पडू लागला. सासूबाईंनी एका वर्षी माहेरी असताना स्वतः बघितलंय. बाप शाळेतून मान खाली घालून आला, हार काढला, आणि खुंटीवर आईचा इळा टांगलेला होता त्याच्यावर घालून आंघोळीला गेला. आईनं चुलीपुढून उठून भात वाढला.

मला त्या रात्री फार राग आला. कोणाचा आला ते नीट सांगता यायचं नाही. शिपायाचा, दगडवाल्यांचा, थोडा तुळसाआजीचासुद्धा. आणि थोडा माझाही, कारण संध्याकाळीच मी रजिस्टरपाशी तेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी परत कोहमाऱ्याला येऊन गोरेगावचा रस्ता धरला. मधलं मुरदोलीचं जंगल सुंदर आहे, पण गाडी हळू चालवा. माकडं रस्त्यावर बसतात आणि आपण हॉर्न वाजवला तर आपल्याकडे तुच्छतेनं बघतात. सासूबाईंनी एके ठिकाणी गाडी थांबवायला लावली. उतरल्या नाहीत. काच खाली करून रस्त्याकडेच्या उंच वाळक्या गवताकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, चल. गोरेगावला बाजाराचा दिवस होता. एसटी, मोटारसायकली, शिंगाड्यांचे ढीग आणि त्यातून वाट काढणारी मी. चहावाला सासूबाईंना माँजी म्हणत होता आणि मला मॅडम. त्याच्या अर्ध्या हिंदीला सासूबाई अस्सल झाडीबोलीत उत्तर देत होत्या. नागपुरात पंचावन्न वर्षं काढलेली बाई गोरेगावच्या बसस्टँडवर दहा मिनिटांत 'मले' आणि 'तुले' करायला लागली, हे बघून मला गंमत वाटली. सत्तर रुपयांत दोन किलो शिंगाडे घेतले. उकडून, मीठ लावून खा.

गावात शिरल्यावर दिलीपभाऊंनी स्वागत जोरात केलं. साठीचे आहेत, चार एकर धान, किराण्याचं दुकान, आवाज मोठा. अंगणात पाट मांडला, पाय धुवायला पाणी दिलं, त्यांच्या बायकोनं, मीनावहिनींनी, वडे तळायला घेतले. भिंतीवर डोमाजींचा फोटो होता, फेटा बांधलेला, नवा हार घातलेला. तुळसाआजीचा फोटोच काढलेला नाही. सासूबाईंनी वडा खाल्ला, पाणी प्यायल्या आणि सरळ विषयाला हात घातला. उद्या यादी जाण्याआधी आईचं नाव टाकायचं.

दिलीपभाऊंचा चेहरा पडला. त्यांना गोष्ट माहीत नव्हती असं नाही. घरात सगळ्यांना माहीत होती आणि सगळ्यांनी गिळली होती. त्यांचं म्हणणं असं की आता पन्नास वर्षांनी हे उकरून कायले काढायचं? उद्या स्टेजवर आपण डोमाजीचे नातू म्हणून बसणार. गाव हसेल. लोक म्हणतील, आजोबा घरी पोर खेळवत होता आणि हारं घालून घेत होता. मीनावहिनी कढईपाशी उभ्या होत्या. त्यांनी झारा वर धरला तो धरलाच.

"कोणतं पोर खेळवत होता?" सासूबाईंनी विचारलं.

दिलीपभाऊंनी वड्यांचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

"थे पोर म्हणजे तुहा बाप होय, दिलीप. त्यानं बोळ्यानं दूध नसतं पाजलं, त तू कुठचा, आन् हे दुकान कुठचं? माहा बाप हसण्यासारखं काई करून नाई राहिला होता. त्याचं नाव मी नाई पुसत. पण पह्यले तिचं."

वडा करपला. वहिनींनी तो काढला, दुसरा सोडला, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या की आत्याबाईंचं बरोबर आहे. दिलीपभाऊ उठून दुकानात गेले आणि जेवायलाही उशिरा आले. जेवताना आत्याला भात वाढला, वरण वाढलं, पण तिच्याकडे बघितलं नाही. मला त्यांचा मात्र राग आला नाही. एका माणसाला लहानपणापासून जे नाव अभिमानानं सांगायला शिकवलं, ते एका दुपारी बदलून दुसरं सांग म्हटलं तर वेळ लागणारच.

मंडईच्या दिवशी सकाळपासून गाव फुलायला लागतं. शाळेच्या पटांगणात जिलबी, भजी, पान, बांगड्या, फुगे, पाळणा. दंडारवाले ढोलकी तापवत होते. येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: गाडी गावाबाहेर लावा, दुपारी चारनंतर आत पाय ठेवायला जागा नसते. आणि प्रत्येक घरी चहाला होय म्हणू नका. मी म्हटलं आणि नऊ कप प्यायले.

दहाच्या सुमारास सासूबाई मला घेऊन केजाबाईंकडे गेल्या. केजाबाई नव्वदीला टेकलेल्या, दृष्टी कमी, आवाज खणखणीत. ठाण्यात मागून 'डोमाजीची बायको' असं सांगणारी जी बाई होती, तिची ही लेक. सासूबाईंनी तिला सगळं सांगितलं. केजाबाई ऐकून म्हणाल्या की माह्या मायला मरेपर्यंत त्या गोष्टीची चुटपूट होती. मदत करायला गेली आणि तुळसाचं नाव बुडवून आली, असं ती म्हणायची. मग काठी शोधत उठल्या. म्हणाल्या, माहा अंगठा घ्या, मी साक्ष देतो. इकडच्या म्हाताऱ्या 'देतो' म्हणतात, 'देते' नाही. चालायला त्रास होता, म्हणून आम्ही त्यांना माझ्या गाडीतून शंभर पावलांवरच्या ग्रामपंचायतीत नेलं. वरातीसारखे लोक मागे आले.

ग्रामपंचायतीत सरपंचबाई होत्या, वय पस्तीसच्या आत, बोलणं मुद्द्याचं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की नाव आपल्या मनानं वाढवता येणार नाही, अर्ज द्या, दोन साक्षी द्या, ग्रामसभेत ठेवते, तोवर यादी थांबवते. यादी थांबवते म्हटल्यावर माझ्या जिवात जीव आला. कोपऱ्यातल्या टेबलावर लिपिक कागद घेऊन बसला. सासूबाईंचा हात कापतो, म्हणून त्या सांगणार आणि तो लिहिणार.

त्यानं विचारलं, अर्जदाराचं नाव? सुभद्रा. वय? अठ्ठ्याहत्तर. मग त्यानं पेन थांबवून, अगदी सहज विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

मी तोंड उघडलं होतं. सवयच ती. सासूबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. चांगला जोरात दाबला, संध्याकाळपर्यंत दुखत होता. केजाबाईंनी मान त्यांच्याकडे वळवली. दारात उभ्या बायका होत्या, त्यांना लगेच कळलं काय चाललंय ते, पुरुषांना नाही कळलं. लिपिकाला वाटलं म्हातारीला ऐकू आलं नाही, म्हणून त्यानं मोठ्यानं परत विचारलं. सासूबाईंच्या ओठांची हालचाल झाली, आवाज आला नाही. माझी आजेसासू याच प्रश्नापाशी गप्प राहिली होती, आणि मी तिच्या लेकीशेजारी बसून देवाला म्हणत होते की हिच्या तोंडून निघू दे.

"वसंतराव," सासूबाई म्हणाल्या.

एक श्वास घेतला आणि आडनावही सांगितलं, ते तर अख्ख्या ग्रामपंचायतीला ऐकू गेलं. मग लिपिकाच्या कागदावर बोट ठेवून म्हणाल्या, "आता लिव्ह. माह्या मायचं नाव तुळसा. जंगलात थे गेली होती. कोणाची बायको थे मंग लिव्ह."

मी रडले. लाज कसली त्यात. दारातल्या दोन-तीन जणींनीही पदर डोळ्यांना लावला. केजाबाईंचा अंगठा झाला, पण दुसरी साक्ष गावातल्याच माणसाची हवी होती, आणि एवढी गर्दी असून कोणी पुढे येईना. डोमाजीच्या घराशी वाकडं कोण घेणार? तेवढ्यात मागून दिलीपभाऊ आले. दुकान उघडं टाकून आले होते. त्यांनी सही केली, तारीख घातली, आणि खाली कंसात 'नातू' लिहिलं. लिपिक म्हणाला, कोणाचा नातू ते लिहा. त्यांनी लिहिलं, दोघांचा.

दुपारी सत्काराला त्यांना डोमाजींचे नातू म्हणून पुकारलं. शाल-नारळ घेतला, माइक मागितला, आणि त्यांचा तो मोठा आवाज कुठं गेला कोण जाणे, दोनच वाक्यं बोलले. माझी आजी जंगलात गेली होती आणि आजोबानं माझ्या बापाला जगवलं. मग स्टेजवरून उतरून शाल आत्याच्या खांद्यावर टाकली. मागच्या बाजूला कोणीतरी हसलं, हे खरं आहे. पण दंडारीची ढोलकी सुरू झाली आणि हसणारा त्यात हरवला. संध्याकाळी सासूबाईंनी जिलबी खाल्ली, शुगर असून.

दुसऱ्या दिवशी परतताना वाकडी वाट करून चोरखमाऱ्याचा जलाशय बघितला. कालव्याकडेचं सगळं शिवार धानाचं, आणि कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले. तिथं हॉटेल-बिटेल काही नाही, डबा सोबत ठेवा. आम्ही मीनावहिनींनी बांधून दिलेले वडे पाण्याकाठी खाल्ले. सासूबाईंना विचारलं, नाव घेताना कसं वाटलं? म्हणाल्या, घशात काटा अडकल्यासारखं. मग जरा वेळानं म्हणाल्या, मला वाटलं होतं की काहीतरी होईल, यांना ठसका लागेल किंवा काही, पण काही झालं नाही. पुढे साकोलीपर्यंत झोपल्या.

चार दिवसांत पेट्रोल, टोल, लॉज, खाणंपिणं धरून साडेचार हजारांच्या आत भागलं. माहेरची माणसं असतील तर त्याहून कमी. ज्यांना पक्षी बघायचेत त्यांनी नवेगावला दोन दिवस द्यावेत, ज्यांना माणसं बघायचीत त्यांनी मंडई चुकवू नये. आणि शाळेसमोर दगड दिसला तर थांबून नावं वाचा. बाईचं नाव नसेल तर गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला जाऊन विचारा. ती सांगेल. आपल्याला वाटतं देश मोठमोठ्या पुतळ्यांनी उभा केला. सहा महिन्यांचं पोर घरी ठेवून गवत कापायला गेलेल्या बाईनं आणि ते पोर घेऊन घरी बसलेल्या पुरुषानंही केला, हे मी आता वाद घालून सांगायला तयार आहे.

हे लिहीपर्यंत दिलीपभाऊंचा फोन आला. ग्रामसभेत ठराव झाला. थोडी आरडाओरड झाली, पण झाला. धान मळून झाला की नवा दगड बसेल. पाचव्या जागी तुळसा, आणि तिच्याच ओळीत पुढे डोमाजी.

पण मला सांगायचंय ते आम्ही परत आलो त्या दिवशीचं, घरी पोचलो तेव्हाचं. संध्याकाळचे सहा वाजले होते. मी डिकीतून पिशव्या काढत होते. बेल बिघडलेली होती, नेहमीच असते. सासूबाई पायऱ्या चढून दाराशी उभ्या राहिल्या, एकदा कडी वाजवली, आणि पंचावन्न वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच हाक मारली, "वसंतराव, दार उघडा."

आत खुर्ची सरकली. नाना गुडघे धरत आले, दार उघडलं, आणि बायकोच्या डोक्यावरून बाहेर बघायला लागले. कोण आलंय, म्हणाले. बँकेतला माणूस असावा असं त्यांना वाटलं. सासूबाई म्हणाल्या, कोणी नाही, मीच. नाना त्यांच्याकडे बघत राहिले. मग बाजूला झाले, त्यांच्या हातातली शिंगाड्यांची पिशवी घेतली आणि विचारलं, खिचडी आहे, गरम करू का?

तेव्हापासून घरात एक नवीनच ताप झालाय. नानांचे कान तर ठणठणीत आहेत, परवाच तपासले. पण सासूबाईंनी नावानं हाक मारली की पहिल्यांदा ते ऐकू न आल्यासारखंच करतात.